स्टारच्या नखाबाबत सविस्तर खुलासा

शिरूर (जुन्या माणसांसाठी घोडनदी),
बुधवार, सकाळी पावणेअकरा.

आदरणीय संपतदाजी यांस,

धाकटा मेहुणा नागसेन याचा मनापासून जय भीम. अक्काला वाकून जय भीम (वाकता येतं तेवढं). प्रांजलला आशीर्वाद, आणि हे पत्र तिनंच मोठ्यानं वाचून दाखवावं ही विनंती. कारण दाजी, तुम्ही कागद हातात घेतला की दुसऱ्या पानावर तुमचा डोळा लागतो, आणि अक्कानं घेतला तर ती वाचायचं सोडून कागदालाच उत्तरं देत बसते. तुमचा डावा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला तुम्ही ओटीवर चढताना "आई गं" दोनदा म्हणालात, त्याआधीच्या खेपेला एकदाच म्हणाला होता. माझी तब्येत उत्तम. रोज दुपारी साडेतीन ते साडेचार खाटेवर पालथं पडायचं (सारखं बसून मागं जखमा होऊ नयेत म्हणून), हा डॉक्टरांचा हुकूम मी अकरा वर्षं पाळतोय, एक दिवस चुकलेला नाही. आमची सौ. भाग्यश्री सकाळी पावणेआठच्या कंपनीच्या बसनं रांजणगावला जाते, सव्वापाचला येते, ती बरी आहे. दोन्ही ससे बरे आहेत. हे शेवटचं वाक्य प्रांजलनं दोनदा वाचावं.

फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं का, असं तुम्ही म्हणाल. गेल्या रविवारी अक्काचा जो फोन आला तो एक मिनिट बेचाळीस सेकंद चालला आणि त्यात माझ्या वाट्याला "हॅलो" आणि "अगं पण" एवढंच आलं. त्यातून मला कळलं ते असं, की येत्या रविवारी सकाळी आठ वाजता वरवंडहून जीप निघणार, न्हावऱ्यावरून शिरूरला येणार, दोन्ही ससे उचलून नेणार, आणि येताना ती जीप रिकामी येणार नसून तीत सिंधूआत्या असणार, ज्या यापुढं दिवसभर माझ्यापाशी बसणार. म्हणजे ससे जप्त आणि वर माझ्यावर पहारा. हा निकाल ज्या घटनेवरून लागला तिचा खुलासा माझ्याकडून कुणी मागितलेला नाही. रांजणगावला मी फिटर होतो तेव्हा मशीनवर साधा बोल्ट तुटला तरी आधी लेखी खुलासा मागायचे, मग बोलायचे. म्हणून न मागता देतोय.

तर पहिल्यापासून. हे ससे प्रांजलनं हौसेनं आणले, वरवंडच्या वस्तीवरच्या कुत्र्यांनी दोन वेळा पिंजऱ्याभोवती सभा भरवली, आणि आठ महिन्यांपूर्वी "मामा, पंधरा दिवस ठेवता का" म्हणून ते माझ्याकडे आले. तिनं त्यांची नावं काहीतरी इंग्रजी ठेवली होती. मी मादीचं स्टार आणि नराचं (त्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ससे अजून दोनच आहेत) डेल्टा ठेवलं, कारण मोठी मोटार आधी स्टारवर सावकाश सुरू होते आणि मग डेल्टावर पळते, आणि या दोघांचं अगदी तसंच आहे. (मी मोटार वायंडिंग कुठल्याही शाळेत शिकलो नाही हे तुम्हाला माहीत आहे. दहावीनंतर दुसऱ्यांच्या जळालेल्या मोटारी उलगडून शिकलो. ससेही तसेच शिकलो. फरक इतकाच की सशाला उलगडता येत नाही, नुसतं बघत बसावं लागतं.)

खुर्चीवरच्या माणसानं घरात मोकळे ससे ठेवायचे म्हणजे काय, याची कल्पना चालणाऱ्या माणसाला येत नाही. तुम्ही चालता तेव्हा पाय दिसतो, ऐकू येतो, आणि चुकून लागलाच तर तो मऊ असतो. माझी बॅटरीची खुर्ची माझ्यासकट एकशे अडतीस किलो (आडत्याच्या वजनकाट्यावर स्वतः करून घेतलंय), टाइल्सवर आवाज नाही, आणि सशाच्या मते तिच्या खाली घरातली सगळ्यात गार सावली. म्हणून मी एकेक गोष्ट बसवत गेलो. हातानं चालवायच्या माझ्या दुसऱ्या खुर्चीच्या चाकांना रंगाच्या डब्यांची झाकणं कापून बसवली, म्हणजे स्पोकमध्ये कान किंवा पाय जायला नको. चार्जरची वायर डेल्टानं दोनदा खाल्ली, तेव्हा सगळ्या वायरी पाइपातून भिंतीवर घेतल्या. सशांचं घर जमिनीवर न ठेवता सव्वीस इंच उंचीच्या टेबलावर केलं, म्हणजे खालून माझे गुडघे जातात आणि मला वाकावं लागत नाही, आणि तिथून माझ्या मांडीपर्यंत पोतं ठोकलेली फळी, म्हणजे त्यांना उचलायला नको, ज्याला यायचं तो आपल्या पायानं येतो. (सशाला कान धरून उचलत नाहीत, दाजी. तुम्ही उचलला होता. त्याचा पाठीचा कणा काडीसारखा असतो, आणि कण्याच्या बाबतीत या घरात कुणी मला शिकवू नये.) खुर्चीला स्कूटीचा आरसा लावला. हॉलमध्ये पिवळ्या ऑइलपेंटनं पट्टा मारला, भिंतीकडची चौदा इंच सशांची, उरलेली खुर्चीची, जसा कंपनीत माणसांचा रस्ता आणि ट्रॉलीचा रस्ता वेगळा असतो तसा. या पट्ट्याबद्दल तानुबाई (आमच्या शेजारच्या, ज्यांचा उल्लेख पुढं येणारच आहे) म्हणाल्या, "सशाला वाचाया येतंय व्हय रं?" पट्टा माणसांसाठी असतो.

आता भोंग्याकडे येतो. इथं मी एक चूक केली, आणि ती मी लिहून देतोय, कारण चूक लपवणारा माणूस कारागीर नसतो. मागं येताना खुर्चीनं आवाज करावा म्हणून मी टेम्पोला बसवतात तो रिव्हर्सचा भोंगा तिला बसवला. त्यात एक बाई हिंदीत सांगते की गाडी मागं येत आहे, सावध राहा. कल्पना अशी की आवाज झाला की ससे पळतील. पहिल्या दिवशी पळाले. चौथ्या दिवशी नुसते कान हलवले. आठव्या दिवशी माझ्या वहीत नोंद आहे, "भोंग्याला दोन्ही ससे तत्काळ प्रतिसाद देतात. प्रयोग यशस्वी." आणि मी ती नोंद तुम्हाला फोनवर वाचूनही दाखवली होती, तुम्ही "वा" म्हणाला होता. प्रतिसाद देत होते हे खरं, पण कुठल्या दिशेनं, हे मी नीट बघितलं नव्हतं. त्याचं असं आहे. आमच्या फ्रीजचं दार माझ्या बाजूला उघडतं. ते उघडायचं तर मला खुर्ची दीड फूट मागं घ्यावी लागते. म्हणजे रोज सकाळी नऊला आधी भोंगा, मग फ्रीज, मग कोथिंबीर. सशांनी मधला फ्रीज गाळला आणि हिशेब सोपा केला. ती बाई घसा फोडून सावध राहा म्हणत होती आणि हे दोघं पानात वाढून झालंय असं समजून चाकाकडे पळत येत होते. धोक्याचा भोंगा मी जेवणाची घंटा करून ठेवला होता, आणि वर त्याची यशस्वी म्हणून नोंद केली होती. हे एकदा मान्य केल्यावर पुन्हा पुन्हा मान्य करायला लावू नये.

घटना शनिवारची, आजपासून अठरा दिवसांपूर्वीची. बाजाराचा दिवस. तुम्ही दोघं ज्वारीचं पोतं आणि सशांसाठी गोणीभर लसूणघास घेऊन आला होता. (घासाबद्दल शेवटी लिहितो.) अक्का आणि भाग्यश्री बाजाराला गेल्या. घरात आपण दोघं आणि ते दोघं. चार वाजून दहा मिनिटांनी खुर्ची मागं गेली, भोंगा वाजला, स्टार कोथिंबिरीच्या आशेनं धावत आली आणि चाक तिच्या मागच्या उजव्या पायाच्या टोकाला लागलं. ससा ओरडतो हे कुणाला माहीत नसतं. तो जन्मात एकदा-दोनदाच ओरडतो आणि ते ऐकून माणसाच्या अंगाचं पाणी होतं. तुम्ही तिथंच होता, तुम्हाला अधिक सांगायला नको. त्यापाठोपाठ माणसाच्या ओरडण्याचाही आवाज झाला, तो कुणाचा हा मुद्दा गौण आहे. तो ऐकून तानुबाई आल्या, त्यांनी टाइल्सवर रक्ताचे थेंब बघितले (तीन, मी मोजलेत) आणि त्या तशाच उलट्या पावली गेल्या. अक्का फाटकात रिक्षातून उतरत होती तोवर तिला बातमी मिळाली होती की नागसेनच्या खुर्चीखाली ससा चेंगरून मेला. अक्का बाजाराची पिशवी हातातच धरून खाटेपाशी आली आणि मला एकवीस मिनिटं बोलली. त्यातलं एक वाक्य मी विसरायचा प्रयत्न करतोय, ते असं: "तुला सोताचं उरकंना, आन् वर ही जित्राबं कशाला रं पाळतोस?"

प्रत्यक्षात एक नख तुटलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पावडर लावली, पट्टी बांधली, दहा दिवस मऊ अंथरुणावर ठेवा म्हणाले. पट्टी तिनं दुसऱ्या दिवशी खाल्ली. अकराव्या दिवशी ती फळीवरून पळत माझ्या मांडीवर आली. पायावर भार देते, उडी मारते, नख फुटायला लागलंय. अपघात माझ्या घरात झाला, माझ्या खुर्चीनं झाला, मी बसवलेल्या भोंग्यामुळं झाला, आणि त्याची जबाबदारी माझी आहे. ती मी कुणावर ढकललेली नाही आणि ढकलणार नाही. त्यानंतर केलेल्या सुधारणा: भोंगा काढला. कोथिंबीर आता फक्त टेबलावरच्या घरात, कडी लावल्यावर. हॉलमधून जायचं असेल तर आधी दोन्ही ससे डोळ्यांनी दिसले पाहिजेत, एक जरी दिसला नाही तरी खुर्ची जागची हलत नाही (परवा डेल्टा उशीच्या अभ्र्यात झोपला होता, मी पंचेचाळीस मिनिटं चहावाचून बसलो). आणि खुर्चीला चावीचं कुलूप बसवलं. मी खाली उतरलो की चावी माझ्या गळ्यात. हे कुलूप का, त्याचं कारण इथं लिहीत नाही.

आता सिंधूआत्यांबद्दल. त्यांचा मला आदर आहे. त्यांच्या हातचं पिठलं मला आवडतं. त्यांच्या मालिकांचा आवाज कमी करता येत नाही हेही मी सोसेन. पण दाजी, मला मदत करायला आलेला प्रत्येक माणूस पहिलं काम एकच करतो, वस्तू उचलून वरच्या फळीवर ठेवतो. घर कसं छान दिसतं. मग तो माणूस जातो आणि मी साखरेच्या डब्याकडे बघत बसतो. मागच्या वर्षी आत्या दोन दिवस राहून गेल्या, त्यानंतर माझी पकड आणि चहा पावडर मला दिवाळीला मिळाली. या घरात जमिनीपासून चार फुटांच्या वर काही नाही, हे घर मी एकेक इंच मोजून मला येईल असं केलंय, आणि त्यात आता सशांचंही मोजून झालंय. सकाळी अकराला मी कॉइल भरायला बसलो की स्टार मांडीवर येते, डेल्टा खुर्चीच्या पाऊल ठेवायच्या पट्टीवर बसतो, आणि सव्वापाचपर्यंत घरात माझ्याशिवाय कुणीतरी श्वास घेत असतं. तुम्ही म्हणाल, मग आत्या काय श्वास घेत नाहीत? घेतात. पण त्यांच्याकडे मी लक्ष ठेवत नाही, त्या माझ्याकडे ठेवतात. फरक एवढाच आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकात आहे.

तरी अक्कानं रविवारी जरूर यावं, सगळं तपासावं, पट्टीनं मोजावं, माझ्या वहीवर सही करावी, आणि जीप जशी आली तशी न्यावी. जेवणाला शेंगोळ्या करायचं भाग्यश्रीच्या मनात आहे.

आपला,
नागसेन

ताजा कलम: घासाचं राहिलं. मोठ्या सशाला हिरवा लसूणघास रोज देत नाहीत, पोट बिघडतं. वाळलेलं गवत हेच त्याचं जेवण. तुमच्या बांधावरचं मारवेल वाळवून आणलंत तर उपकार होतील. आणि तुम्ही डेल्टाला भाकरी चारत होतात तेव्हा मी पाठमोरा असलो तरी आरशात दिसत होतं.

दुसरा ताजा कलम: प्रांजल बाळा, इथं मोठ्यानं वाचणं थांबव आणि कागद वडिलांच्या हातात दे. पुढचा मजकूर तुमच्या विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीच्या वायंडिंगबद्दल आहे, त्यात गेज आणि फेऱ्या फार आहेत, तुम्हा दोघींना कंटाळा येईल. अक्कानं तोवर चहा टाकावा.

दाजी, गेल्या का त्या? बरं.

मी सहीच्या वर लिहिलेल्यात एकही वाक्य खोटं नाही, पुन्हा वाचून बघा. खुर्ची मागं गेली असं मी लिहिलंय. मी खुर्चीवर होतो असं कुठंही लिहिलेलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी मी रोज जिथं असतो तिथंच होतो, खाटेवर पालथा. आणि "बघू तरी तुझी गाडी कशी पळती" म्हणून जे गृहस्थ खुर्चीवर बसले आणि मी नको म्हणायच्या आत ज्यांनी जॉयस्टिक मागं ओढली, ते पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवतात. ओरडलं कोण तेही आपल्या दोघांना माहीत आहे. तानुबाई तो आवाज बाईमाणसाचा समजल्या, हे मी आजवर तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मला राग नाही. स्टारला टॉवेलात धरून तुम्ही पुन्हा पुन्हा तिची माफी मागत होता, ते मी ऐकलंय. तुम्ही म्हणालात, "नागू, तुझ्या अक्काला यातलं काय बी कळता कामा न्हाई," आणि मी शब्द दिला. तो अठरा दिवस पाळला, भाग्यश्रीलासुद्धा सांगितलं नाही. बोलणी खाल्ली त्याचंही काही नाही, धाकटा भाऊ म्हणून जन्मलो तेव्हापासून खातोय.

पण एक गोष्ट राहून राहून सलते ती सांगतो, तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? अक्का खाटेपाशी आली होती, दाजी. मी खाटेवर आडवा होतो. खुर्ची दहा फुटांवर, दाराशी. तिनं मला आडवा बघितला, एकवीस मिनिटं आडव्या माणसाला बोलली, आणि खुर्ची कोण चालवत होतं हे तिनं विचारलं नाही. तानुबाईंनी विचारलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही. या घरात काही मोडलं, सांडलं, चेंगरलं तर ते कुणाकडून हे विचारायची गरजच नसते. ससे नेले तर माझं घर गप्प होईल, ते मी सोसेन. पण ते मला जमत नाही म्हणून नेले, असं कायमचं ठरून जाईल, ते मला सोसणार नाही.

मी शब्द मोडणार नाही. तुम्ही मला त्यातून मोकळं करा, एवढीच विनंती. वायंडिंगचं म्हणाल तर तुमच्या मोटारीला काहीही झालेलं नाही.

तिसरा ताजा कलम: रात्री साडेनऊ. भाग्यश्री माझी सगळी पत्रं पाकिटात घालायच्या आधी शुद्धलेखन तपासायच्या नावाखाली वाचते. तिनं हेही वाचलं, दुसऱ्या ताज्या कलमापाशी हसायला लागली, आणि पाणी पिऊन आल्यावर जे सांगितलं ते असं.

त्या शनिवारी तुम्ही दोघं वरवंडला पोचलात त्याच संध्याकाळी अक्कानं भाग्यश्रीला फोन केला होता. म्हणाली, "माझा भाऊ तर खाटंवर हुता. मग खुर्ची काय आपली आपण चालली?" खुर्चीच्या पाऊल ठेवायच्या पट्टीपाशी तुमची एक चप्पल पडलेली तिनं बघितली होती म्हणे. एकवीस मिनिटं बोलली ती माझ्याशी नव्हे, माझ्याकडे तोंड करून तुमच्याशी बोलत होती, आणि दोघांतला कोणता शहाणा आधी तोंड उघडतो याची वाट बघत होती. दोन आठवडे कुणी उघडलं नाही, तेव्हा तिनं जीप काढली. सिंधूआत्यांना या बाबतीत अजून कुणी विचारलेलंसुद्धा नाही. या दोघी अठरा दिवस रोज फोनवर आपली चौकशी करून हसतायत, आणि मी मात्र आठ पानी खुलासा लिहीत बसलो.

मी भाग्यश्रीला दोनदा विचारलं, की अक्कानं नक्की असंच विचारलं का. ती म्हणाली, हो, त्याच संध्याकाळी, पोचल्या पोचल्या, पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. बरं वाटलं. का ते लिहीत नाही.

तुमच्यावरचं संकट मात्र अजून तसंच आहे. तिला माहीत आहे हे तुम्हाला माहीत आहे, हे तिला कळू देऊ नका, आपण होऊन सांगा, म्हणजे निदान तुमचा तरी मान राहील. हे पत्र उद्या टाकलं की शनिवारी दुपारी तुमच्या हातात पडेल. जीप रविवारी सकाळी आठला आहे. मधे एक अख्खी संध्याकाळ आहे, दाजी. पुरेल.